चार माणसांची गाडी

नाना पोतदारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खांद्यावरच्या उपरण्यानं मोटार पुसत होते. उपरणं पांढरंशुभ्र, घरी धुतलेलं, आणि मोटार काळी. मी म्हटलं, "अहो, दुसरं फडकं नाही का?" वळूनही न बघता ते म्हणाले, "आहे की. पण फडक्यानं भांडी पुसतात." हा माणूस मला तिथल्या तिथं नावडला. सहा वर्षं लष्करात गाड्यांखाली लोळून, अंगाला ग्रीसचा वास घेऊन परत आलेल्या माणसाला गाडीचे असे लाड करणारे लोक पाहवत नाहीत. पण पोटाला नोकरी हवी होती आणि नानांना मेकॅनिक हवा होता. त्या दसऱ्याला मी त्यांच्याकडे लागलो.

महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. सांगली तेव्हा संस्थान होतं. आमच्या मुलखात मोटार म्हणजे एक तर राजेलोकांची लांबलचक गाडी, नाही तर माणसं, कोंबड्या आणि गुळाच्या ढेपा एकत्र कोंबून नेणारी सर्व्हिस मोटार. यांच्या मधलं काही असतं हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अशा वेळी मुंबईच्या एका कंपनीनं विलायतेहून नवी छोटी मोटार आणली. दोन दारं, चार माणसांची जागा, आणि वळायचं असलं की अंगातून बाहेर येणारा एक पिवळा हात. तो हात बघायला बाजारात गर्दी जमायची. नाना दहा वेळा कळ दाबून दाखवायचे आणि दहाही वेळा स्वतः हसायचे.

कंपनीनं नमुन्याची एक गाडी दिली होती आणि मुदत दिली होती एका वर्षाची. पुढच्या दसऱ्यापर्यंत सातारा-सांगली भागात तीन गाड्या खपल्या तर एजन्सी नानांची. नाही तर नमुन्याची गाडीही परत आणि एजन्सीही गेली.

एखाद्याला वाटेल, गेली तर गेली. नानांच्या हातून आधीही एजन्स्या गेल्याच होत्या. दाबाचे कंदील, ग्रामोफोन, शिवणयंत्रं आणि मधले सहा महिने कसलंसं दंतमंजन. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "या खेपेला गोष्ट निराळी आहे." या खेपेला ती खरंच निराळी होती. त्यांच्या पत्नी, रमावहिनी, वाईला भावाकडे जाऊन राहिल्या होत्या. भांडून नव्हे. नानांनीच मला सगळं सांगितलं, तेही पहिल्या आठवड्यात, इंजिनाचं तेल बदलता बदलता. आठ वर्षांत पाच गावांत बिऱ्हाड झालं होतं. वहिनी निघताना म्हणाल्या होत्या, "घातलेलं लोणचं मुरायच्या आत प्रत्येक घर सोडलं मी. आता एका धंद्यात एक वर्ष टिकून दाखवा. वर्ष पुरं झालं की न्यायला या. त्याआधी येऊ नका."

"बोलली ते काही चूक नाही," नाना म्हणाले. "दसऱ्याला हीच गाडी घेऊन वाईला जाणार आहे मी, साळुंखे."

मूलबाळ नव्हतं. ती दोघंच एकमेकांना. वहिनींची चिठ्ठी महिन्याला एक यायची, चार ओळींची, आणि ती आली की नाना दिवसभर ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवून गाडी जरा जास्तच जोरात चालवायचे.

विक्रेता म्हणून हा माणूस अगदी कुचकामी होता. गिऱ्हाइकाला खोटं सांगणं त्यांना जमत नसे. कुणी विचारायच्या आत सांगून टाकायचे, "घाटात दमते हं. मधे थांबवून पाणी घालावं लागतं." मी एकदा चिडून म्हटलं, "नाना, हे आपण कशाला सांगायचं?" तर म्हणाले, "उद्या घाटात उभी राहिली की त्यांच्या बायकामुलांदेखत माझं नाव निघेल." त्यांचं सगळं विक्रीकौशल्य तीन शब्दांत होतं: "बसून तर बघा." दार उघडून धरायचे, किंचित वाकायचे आणि म्हणायचे, "बसून तर बघा." बसला की माणूस गाडीच्या प्रेमात पडतो, अशी त्यांची पक्की समजूत.

आणि या समजुतीनंच आमचा पहिला घात केला.

कृष्णाकाठचे एक पाटील होते. उसाचं मोठं रान, दोन मुलगे पलटणीत, माणूस दिलदार. गाडी घेतो म्हणाले आणि चावडीसमोर बोलावलं. सगळा गाव जमला. नानांनी दार उघडलं, पुढची बैठक दुमडली आणि मालकाचा मान म्हणून पाटलांना मागं बसवलं. गावाबाहेर मारुतीपर्यंत जाऊन आलो. पाटील खूष. परत आलो, नानांनी पुढची बैठक पुन्हा दुमडली. दोन दारांच्या गाडीतून मागच्या माणसाला बाहेर यायचं म्हणजे आधी डोकं काढावं लागतं. पाटलांच्या डोक्यावर कोशाचा भलामोठा फेटा. तो दाराच्या वरच्या कडेला अडकला. पाटील बाहेर आले आणि फेटा आतच राहिला.

भरल्या गावात पाटील बोडके उभे. तोही प्रसंग निभावला असता, कुणी तरी काही तरी बोललं असतं, पण नानांनी काय करावं? त्यांनी चटकन फेटा उचलला, उपरण्यानं झटकला आणि स्वतःच्या हातानं पाटलांच्या डोक्यावर ठेवला. लहान मुलाला टोपी घालावी तसा. नाना टोपी घालणारे, शहरातले; दुसऱ्याच्या फेट्याला हात लावायचा नसतो हे त्यांना कुठलं ठाऊक. त्यांना वाटलं आपण अदब दाखवली.

पाटलांनी फेटा सरळ केला आणि शांतपणे म्हणाले, "पोतदार, गाडी लय ब्येस हाय तुमची. पर माज्या घरात बाराच्या बारा मानसं फेटंवाली. दर खेपंला खाली मान घालून भाईर याचं, ते आमास्नी न्हाई जमायचं."

परतताना नानांनी दोनदा गाडी थांबवून मागची बैठक दाबून पाहिली. मग म्हणाले, "बैठक खाली घेता येईल?" मी आठवडाभर खपून मागच्या बैठकीच्या स्प्रिंगा काढल्या, गादी पातळ केली, बैठक चांगली वीतभर खाली नेली. साताऱ्याला एका पेन्शनर सुभेदारांना तीत बसवलं. फेटा बरोब्बर मावला. नानांचा चेहरा उजळला. पण सुभेदारांची बायको अंगणातून ओरडली, "आवं, तुमी कुटं हायसा? मला निस्ता तुराच दिसतोय!" सुभेदार बाहेर आले ते हसतच. म्हणाले, "गड्या, मोटार घ्याची आन् लोकान्ला दिसायचं न्हाई? मग घरात बसल्यालं काय वाईट?" आम्हीही हसलो. तोवर हसण्याइतकी मुदत शिल्लक होती.

उन्हाळ्यात जतला गेलो. तिकडचा रस्ता म्हणजे नुसता फुफाटा, आणि मैल न् मैल मेंढरांशिवाय हालचाल नाही. तिथं लोकरीचे एक व्यापारी होते, सिद्राम नावाचे. घरात निम्मं बोलणं कानडी, निम्मं मराठी. त्यांनी सांगलीच्या बाजारात नानांच्या गाळ्यावरची पाटी वाचली होती. पाटी नानांनी स्वतः रंगवलेली: 'कुटुंबाची मोटार'. कंपनीच्या इंग्रजी कागदावर 'छोटं कुटुंब' असं होतं. नानांनी त्यातलं 'छोटं' गाळलं, कारण कुणाच्या कुटुंबाला छोटं म्हणणं त्यांना अपशकुनी वाटलं.

आम्ही पोचलो तर दारात सगळं कुटुंब नटून उभं. सिद्राम, त्यांचे दोन भाऊ, तिघांच्या बायका, सात पोरं आणि काठी टेकून उभी असलेली म्हातारी आई. सगळे तिला अव्वा म्हणत. बायकांनी ठेवणीतली इरकलं नेसली होती. पोरांच्या डोक्याला तेल. देवीच्या माळापर्यंत गाडीतून जायचं ठरलं होतं.

"एका वेळी चौघं," नाना हळूच म्हणाले.

"चौगं?" सिद्राम म्हणाले. "कुटुंबाची म्हनलासा की!"

"हो. चौघांचं कुटुंब. नवरा, बायको, दोन मुलं."

"मग आमची अव्वा कुटं बसनार?"

नाना म्हणाले, तीन फेऱ्या करू, चार करू. पण पहिल्या फेरीत कोण, हे ठरवायचं होतं. सिद्रामांनी आईला बसवलं. मग म्हणाले, मी बसतो. धाकटा भाऊ बोलला, गाडी काय एकट्या तुझ्या पैशाची होणार व्हय. मधल्याची बायको पोराचा हात धरून आत निघून गेली. ती आत गेली म्हणून थोरली रडायला लागली. मोठ्यांचे आवाज चढले, पोरं भेदरून भिंतीला टेकली. मी ड्रायव्हरच्या दाराशी उभा राहून सगळं बघत होतो आणि मला त्या गाडीला लाथ घालावीशी वाटत होती.

म्हातारी गाडीतून सगळं ऐकत होती. तिनं हात पुढं केला, नानांनी धरला, आणि ती मोठ्या कष्टानं बाहेर आली. म्हणाली, "बाळा, तुजं काय चुकलं न्हाई. पर जी वस्तू घरातली चार मानसं निवडाय लावती, ती आमच्या दारात नगं. जा, सुखानं जा."

आणि जायच्या आधी आम्हाला जेवू घातलं. त्या घरातलं कुणी एकमेकांशी बोलत नव्हतं, पण आम्हाला भाकरी वाढत होते.

वाटेत एका बाभळीखाली गाडी थंड करायला थांबलो. नाना गाडीच्या पायरीवर बसले. म्हणाले, "साळुंखे, आपल्या मुलखात चार माणसांचं कुटुंबच नाही हो. कंपनीला हे ठाऊक नाही, आणि मलाही ठाऊक नव्हतं. मला वाटायचं दोघांचे चार झाले म्हणजे घर भरलं." थोड्या वेळानं म्हणाले, "आम्हा दोघांना तर ही गाडी मोठीच होते." मी तोंड फिरवून रेडिएटरमध्ये पाणी घालत राहिलो.

पावसाळा आला. स्वातंत्र्य आलं तेव्हा गाडीला झेंडा लावून नाना सगळ्या सांगलीतून फिरले. लोकांनी हार घातले. गाडी कुणी घेतली नाही. वहिनींच्या चिठ्ठीतल्या चार ओळींत आता एक ओळ ठरलेली असे: 'धंदा नीट चालला असेलच.' नाना उत्तर लिहायला बसायचे आणि दुसऱ्या ओळीवर अडायचे.

दसऱ्याला महिना उरला तेव्हा साताऱ्याचे एक तरुण वकील भेटले. बायको, दोन मुली, गावापासून वेगळं भाड्याचं बिऱ्हाड. डोक्याला फेटा नाही. कंपनीच्या कागदावरचं कुटुंब जणू चालत आलं होतं. त्यांनी मागणीच्या कागदावर सही केली. मुंबईला पत्र लिहून नानांनी कळवलं की एक गाडी गेली, बाकीच्यांसाठी तीन महिने वाढवून द्यावेत. कंपनीचं उत्तर आलं की ही गाडी नक्की झाली तर मुदतीचा विचार करू. नाना त्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन आले. मला म्हणाले, "बाकडं हलवून गाळ्यात जरा जागा करू. तुमच्या वहिनी आल्या की दुपारच्या इथं येऊन बसतील."

आठ दिवसांनी वकिलांचा निरोप आला. आम्ही साताऱ्याला गेलो. ओसरीवर वकिलांचे वडील बसले होते, गावाहून आलेले. पक्षकारही पाच-सहा होते. वकील खाली बघत म्हणाले, "पोतदार, माफ करा. जमणार नाही."

वडील म्हणाले, "मी सांगतो. घरात आमी अठरा जन. थोरल्यानं चौगांची गाडी घेतली म्हंजे गावाला काय कळलं? वाटनी झाली. मी जिता हाय तवर त्ये व्हनार न्हाई."

बोलणं संपलं होतं. मी नानांच्या कोपराला धरलं. पण नाना उठले, पुढं गेले आणि त्या पोरसवदा वकिलापुढं हात जोडून उभे राहिले. पन्नाशीचा माणूस. म्हणाले, "वकीलसाहेब, गाडी घेऊ नका. पण नाही म्हणून कळवू नका. दसरा होईपर्यंत फक्त गप्प राहा. एवढं करा. माझं घर मोडेल हो." पक्षकार बघत होते. वकिलांची लहान मुलगी दारात उभी राहून बघत होती. वकील म्हणाले, "मागणीचा कागद परत मागितल्याचं पत्र कालच मुंबईला टाकलं मी." तरी नानांचे हात खाली येईनात. वडीलच उठले, त्यांनी ते हात धरून खाली केले आणि म्हणाले, "बसा. पानी घ्या." मी बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलो. मला नानांचा राग आला होता, वकिलाचा आला होता, आणि सगळ्यांत जास्त माझा, की मी आत थांबू शकलो नाही.

दसऱ्याला दहा दिवस असताना मुंबईचं पत्र आलं. वकिलांची मागणी रद्द झाल्यानं एजन्सी कोल्हापूरच्या दुसऱ्या इसमाला दिली आहे, नमुन्याची गाडी स्वतः चालवत आणून जमा करावी. नानांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बैठकीच्या स्प्रिंगा परत बसवून द्या, साळुंखे. होती तशी दिली पाहिजे."

स्प्रिंगा बसवून दिल्या. "पुण्याअलीकडच्या खंडाळ्यापर्यंत चला," ते म्हणाले. "खंबाटकीच्या घाटात चाकामागं दगड लावायला कुणी तरी हवं." पहाटे सांगली सोडली. पाचवडला वाईचा फाटा आला तेव्हा गाडी थांबवली. चाकावर हात ठेवून बराच वेळ बसले. मग पिवळा हात डावीकडे बाहेर आला.

वाईला वहिनींच्या भावाच्या दारात गाडी उभी राहिली. वहिनी बाहेर आल्या. उंच, सावळ्या, कपाळावर मोठं कुंकू. मी त्यांना प्रथमच पाहत होतो. नाना खाली उतरून नुसते उभे. "मुंबईला निघालो होतो कामाला," म्हणाले. "म्हटलं, दाखवून जावी."

वहिनींनी गाडीभोवती एक फेरी मारली. काचेवर बोट फिरवून पाहिलं. "चांगली आहे की," म्हणाल्या. "थांबा, मी येते."

"अगं, वर्ष व्हायला आठ दिवस आहेत अजून."

"आठ दिवसांचं काय एवढं?"

आत गेल्या आणि भावाच्या हातात ट्रंक देऊन बाहेर आल्या. नानांनी माझ्याकडे पाहिलं. तसा चेहरा मी लढाईतही पाहिला नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की वहिनी, उतरा, ही गाडी आमची नाही. पण मी दोरी घेतली आणि ट्रंक गाडीच्या पाठीला बांधली.

सुरूरपर्यंत वहिनी विचारत होत्या आणि नाना सांगत होते. हे कशाचं, ते कशाचं. पिवळा हात चार वेळा बाहेर आला, आत गेला. वहिनी हसत होत्या. मागं बसून ते हसणं ऐकणं ही मला शिक्षाच होती.

घाटात निम्म्यावर गाडी दमली. मी चाकामागं दगड लावला. नाना डबा घेऊन खालच्या झऱ्याकडे गेले. ते वळणाआड जाताच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गाडी परत द्यायला निघालेत ना?"

मी दगड पायानं चाकाखाली आणखी आत सारला.

"दादाकडे कोल्हापूरचं वर्तमानपत्र येतं. चार दिवसांमागं या गाडीची जाहिरात होती. खाली एजंट म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव."

"मग तुम्ही ट्रंक कशी…"

"ट्रंक त्याच दिवशी भरून ठेवली मी. आता ते एकटे कुठं राहणार होते?" पदर सावरून त्या खाली वळणाकडे बघत राहिल्या. "मला ठाऊक आहे हे त्यांना बोलू नका हं. सांगायचं तेव्हा सांगतील. पुण्यापर्यंत तरी हौसेनं चालवू दे."

नाना पाणी घेऊन आले. धापा टाकत होते. वहिनींनी त्यांच्या हातातला डबा घेतला.

खंडाळ्याला मी उतरलो. नाना माझ्यामागोमाग चार पावलं आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पुण्यात गेल्यावर सांगतो तिला. इथं नको. किती दिवसांनी हसतेय, साळुंखे. एवढा रस्ता तरी हसू दे." मी मान डोलावली. दोघांचेही शब्द माझ्यापाशी होते, आणि दोन्ही एकच होते, आणि मला काही बोलायची सोय नव्हती. नानांनी माझा हात हातात घेतला आणि मग गाडीकडे परत गेले.

मी साताऱ्याच्या सर्व्हिस मोटारीची वाट बघत झाडाखाली उभा राहिलो. पुण्याचा रस्ता तिथून बराच लांबवर सरळ दिसायचा. गाडी चालली होती. वहिनींचा हात खिडकीतून बाहेर येऊन शेतातलं काही तरी दाखवत होता. नाना इतके हळू चालवत होते, की मागून आलेला एक टांगाही त्यांना ओलांडून पुढं गेला.